तिसरी पायरी

पाऊस जाऊन दीड महिना झाला
तरी बोळातली तिसरी पायरी ओलीच.
वरून टाकीचा पाइप ठिबकतो,
शेजारची भिंत ऊन अडवून धरते,
आणि शेवाळाला काय, दोन थेंब पुरतात.
हिरवंसुद्धा नाही, काळपट,
तव्याला राहिलेल्या तेलागत.
थंडीत पहाटे दव बसलं की चकाकतं.

आम्ही काय केलं?
सांगत राहिलो.
'सांभाळून हं, घसरतंय तिथं.'
पेपर टाकणाऱ्याला, मालनच्या भिशीतल्या बायकांना,
मीटर बघायला येणाऱ्या पोराला.
सोळा वर्षं सांगितलं.
सांगायला काही लागत नाही,
खुर्चीतनं उठावंही लागत नाही.

दस्तगीर त्या दिवशी सातलाच आला,
खांद्यावर सिलिंडर, कानाला मफलर.
मी सांगायला तोंड उघडलं
तेवढ्यात
सिलिंडर एकटाच खाली उतरत गेला
आणि गेटला जाऊन थांबला.
उद्यमनगरात चाळीस वर्षं मोल्डिंगला काढली मी.
ओतीव तडकल्याचा आवाज मला कळतो.
हा तो नव्हता.
तो बारीकसा, नंतर आला.
त्याच्या कोपराचा.

सीपीआरच्या बाकावर
हात पोटाशी धरून तो मलाच म्हणाला,
'तुम्ही तर नेहमी सांगता की हो काका.
माझंच ध्यान नव्हतं.'

नेहमी सांगता.
रात्रभर छताकडं बघत
हे दोन शब्द मी उलटेपालटे करून पाहिले.
कुठल्याही बाजूनं धरले तरी हाताला लागत होते.

सकाळी कमानपाट्याचा तुकडा शोधला,
दगडावर धार काढली
आणि उकिडवा बसलो. गुडघे बोलले, बोलू दे.
साल निघायला लागली,
भिजून चिकटलेल्या वहीच्या पानागत,
एक सोलावं तर खाली दुसरं.
वास बुजलेल्या विहिरीचा.
मालननं ब्लीचिंग पावडर टाकली, बादली ओतली,
खराटा माझ्या हातातनं काढून घेतला
आणि काही बोलली नाही.

खाली रेघा निघाल्या.
तिरप्या, बोटभर अंतरानं,
सिमेंट ओलं असताना थापीच्या टोकानं ओढलेल्या,
पायानं पकड घ्यावी म्हणून.
शिदाप्पा गवंडी.
शेवटच्या हप्त्याला त्याचे दोनशे मी कापले होते,
गिलाव्याला पोपडे आले म्हणून.
या रेघा काढ असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
त्याचे पैसेही त्यानं लावले नव्हते.
कोण कुठला माणूस येईल, ओल्या पायानं येईल,
एवढं त्यानं धरून ठेवलेलं.
आम्ही त्यावर सोळा वर्षं शेवाळ वाढवलं.

मग वॉशर बदलला. बारा रुपये.

तरी मन मानेना.
शिरोलीच्या जुन्या शॉपमध्ये फोन लावला,
तिथलं पोरगं स्कूटरवरनं जळकी वाळू घेऊन आलं,
अर्धं पोतं.
काळी वाळू. लोखंडाचा रस अंगावर झेललेली,
आता कशालाच न भिणारी.
रोज तिन्हीसांजेला मूठभर पसरतो,
जसा साच्यावर हात फिरवायचो तसा, पातळ, सारखा.
मालन म्हणते, पायाबरोबर घरात येते,
गादीत येते, परवा तर भाकरीत आली.
येऊ दे म्हटलं.

पौषात दस्तगीर आला.
प्लास्टर निघालेलं, हात वाळकुडा.
सिलिंडर भाच्याच्या खांद्यावर,
हा मागनं नुसतं पुस्तक घेऊन.
तिसऱ्या पायरीपाशी थांबला,
पाऊल आडवं टाकलं, बरा हात भिंतीला.

मी खुर्चीतनं उठलो.
'आता नाही घसरत. बघ, पाय घासून बघ.'

'दिसतंय की काका,' म्हणाला,
रेघांकडं बघून हसलासुद्धा.
भिंतीवरचा हात मात्र
वर पोचेपर्यंत काढला नाही.